पिकायची वाट न पाहणारे कर्नल

कर्नल डॉ. हरिश्चंद्र मोकल यांची आणि माझी पहिली भेट रोह्याला झाली आणि त्या पहिल्याच भेटीत मी त्यांना हात धुवायला परत पाठवलं. या गौरवग्रंथात इतर मंडळींनी आपापल्या पहिल्या भेटीचं वर्णन मोठ्या आदराने केलेलं असणार. माझ्या बाबतीत आदर जरा उशिरा आला, त्याला माझा इलाज नाही.

मी तेव्हा रोह्यातल्या एका रुग्णालयात शस्त्रक्रियागृहाची परिचारिका होते. नाव कुंदा शेडगे, पण पेणपासून रोह्यापर्यंत सगळे मला शेडगे सिस्टर म्हणूनच ओळखतात. मोतीबिंदूचं शिबिर भरलं होतं. डॉक्टर नुकतेच लष्करातून निवृत्त होऊन पेणला स्थायिक झाले होते आणि शिबिरातल्या शस्त्रक्रिया विनामोबदला करणार होते. सकाळी ते जीपमधून उतरले तेव्हा त्यांच्यामागे काळी पत्र्याची ट्रंक उतरली. तिच्यावर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव आणि हुद्दा लिहिलेला होता. उद्घाटनाच्या पाहुण्यांनी माईक हातात घेतला, तसे डॉक्टर पुढे होऊन अतिशय नम्रपणे म्हणाले, "साहेब, या सगळ्यांच्या डोळ्यांत औषध घातलंय, त्यांना आत्ता काही दिसत नाही. भाषण उद्या पट्टी काढल्यावर करा, म्हणजे तुम्हाला बघतील तरी." पाहुणे हसले आणि माईक खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत, हे सांगायला नकोच.

मग आम्ही हात धुवायला उभे राहिलो. डॉक्टरांनी हात धुतले ते इतके मन लावून की मी मनात म्हटलं, आता यांच्यात खोट काढायला जागा नाही. पण आत येताना घसरणारा चष्मा त्यांनी नकळत बोटाने वर सारला. ते मी पाहिलं. मी म्हटलं, "सर, पुन्हा." एवढ्या मोठ्या हुद्द्याच्या माणसाला असं बोलायची पद्धत नव्हती. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, "बरोबर आहे," म्हणाले आणि परत जाऊन पहिल्यापासून हात धुतले. संध्याकाळी ट्रंक बंद करताना त्यांनी मला विचारलं, "सिस्टर, पेणला आम्ही डोळ्यांचं छोटंसं रुग्णालय काढतोय. याल का? मला चुकलं तर चुकलं म्हणणारं माणूस हवंय." मी म्हटलं, "रोज एवढ्या लांब कोण येणार?" आणि पुढच्या महिन्यापासून गेले ती आजतागायत जातेच आहे.

सरांचा जन्म धरमतरच्या खाडीकाठचा, मिठागरावर राबणाऱ्या घरातला. आज त्यांच्या घराच्या भिंतीवर पदकं आहेत, सेनाधिकाऱ्यांबरोबरची छायाचित्रं आहेत, पण ओळख करून देताना ते स्वतः वडिलांच्या नावाने "मिठागरवाल्या धर्माचा पोरगा" असंच म्हणतात. खाडीकाठच्या मंडळींना त्याचा फार अभिमान आहे. शिकायला ते पायी पेणला गेले, पुढे शिष्यवृत्तीवर डॉक्टर झाले, लष्करात गेले आणि तिथे डोळ्यांचे तज्ज्ञ झाले. एवढं सगळं इतरांच्या लेखांत सविस्तर येईल. मला सांगायचं आहे ते एका शब्दाबद्दल. तो शब्द म्हणजे "पिकणं".

आपल्याकडे मोतीबिंदू पिकतो. डोळ्यात पांढरं दिसायला लागलं की घरातली शहाणी माणसं सांगतात, "आजून कच्चा हाय, पिकू दे." पूर्वी शस्त्रक्रियेची पद्धत वेगळी होती, तेव्हा डॉक्टरच थांबायला सांगत, हेही खरं. पद्धत केव्हाच बदलली, शब्द मात्र लोकांच्या तोंडात राहून गेला. भातशेती आणि वालाचं पीक घेणाऱ्या माणसांना तो पटतोही पटकन. त्यात आणखी एक समजूत अशी की डोळा कापायचा तो थंडीत, पावसात कापला तर चिघळतो. म्हणजे पीकही तयार हवं आणि हंगामही हवा. जास्त थांबलं तर तो मोती डोळ्यातच फुटतो, दाब चढतो आणि दृष्टी कायमची जाते, हे मात्र कुणी कुणाला सांगत नाही.

सरांचे वडील असेच गेले, म्हणजे त्यांचे डोळे गेले. ही हकिगत सरांनी मला एकदाच सांगितली, पेणहून रोह्याला येताना, गाडी नागोठण्याला चहासाठी थांबली असताना. लष्करातल्या दूरच्या नेमणुकीवरून ते पुष्कळ काळाने रजेवर घरी आले. वडील दारात बसलेले होते. पावलांचा आवाज ओळखून ते आनंदाने म्हणाले, "आला का? बघ रं, आता पिकला का. तुझ्यासाठीच राखून ठेवलाय." पोरगा डोळ्यांचा डॉक्टर, मग दुसऱ्या कुणाला कशाला हात लावू द्यायचा, असं त्यांना वाटलं होतं. सरांनी पाहिलं तेव्हा दोन्ही डोळ्यांतला उजेड संपलेला होता. वडिलांना त्यांनी काय उत्तर दिलं, ते मी विचारलं नाही. सर कप खाली ठेवून म्हणाले, "सिस्टर, त्या एका शब्दाला मी आपल्या भागातून घालवणार आहे." मला तेव्हा वाटलं, माणूस दुःखात बोलतोय. नंतर कळलं की ही त्यांनी स्वतःला दिलेली ऑर्डर होती.

लष्करातली त्यांची बरीचशी नोकरी बर्फाळ उंचीवरच्या चौक्यांवर झाली. बर्फाच्या चकाकीने जवानांचे डोळे सुजायचे, पाण्याने भरायचे, काही काळ दिसेनासं व्हायचं. सर म्हणतात, "असा पहिला जवान माझ्यापुढे आला, तेव्हा त्याने ज्या तऱ्हेने डोळे घट्ट मिटून घेतले होते, तसे माझे बाबा मिठाच्या चकाकीने रोज मिठागरावरून येऊन मिटायचे. बर्फ मी नव्याने पाहिला, तो आजार नाही." जवानांना काळा चष्मा दिलेला असे, पण तो धुरकटतो म्हणून पोरं काढून खिशात ठेवत. सर स्वतः चौक्यांपर्यंत चढत जायचे आणि प्रत्येकाच्या नाकावर चष्मा आहे की नाही ते बघायचे. एका चौकीवर वादळामुळे हेलिकॉप्टर येऊ शकत नव्हतं आणि एका हवालदाराच्या डोळ्यात लोखंडाचा कण रुतलेला होता. तंबूत, दुसऱ्या जवानाने धरलेल्या विजेरीच्या उजेडात सरांनी तो कण काढला. तो हवालदार अजूनही दर दिवाळीला फोन करतो आणि आधी "साहब, दोनों आँख से देख रहा हूँ" एवढं म्हणतो, मग नमस्कार.

निवृत्तीनंतर मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांनी त्यांना बोलावलं होतं. ते पेणला आले. पहिलं काम काय केलं असेल, तर मिठागरावरच्या बायकांना काळे चष्मे वाटले. बायकांनी ते घेतले आणि पदरात बांधून ठेवले. सरांनी विचारलं, "का नाही घालत?" तर एकजण म्हणाली, "काला चष्मा घालून मीठ ओढलं तं गाव म्हनल, ही कनची हिरोईन आली गो!" दुसऱ्या दिवशी सर काळा चष्मा लावून मिठागरात उतरले आणि लहानपणचं लाकडी अवजार हातात घेऊन दुपारपर्यंत मीठ ओढत राहिले. बायका हसून हसून दमल्या. मग त्यांच्यातल्याच एका म्हातारीने पदराची गाठ सोडली, चष्मा चढवला आणि म्हणाली, "डाक्तर हिरो झाला तं आमी हिरोईन व्हायला काय हरकत हाय?" आज त्या बाजूने एस्टीने जाल तर काळे चष्मे घालून काम करणाऱ्या बायका दिसतील. बाहेरची माणसं त्यांचे फोटो काढतात, त्यामागची गोष्ट त्यांना माहीत नसते.

रोह्यात पेशंट तपासण्याचा आठवड्यातला एक दिवस सरांनी कधी चुकवला नाही. रोह्याकडे कारखाने आहेत, शिफ्ट सुटली की कामगार थेट आमच्याकडे येत. डोळ्यात रसायन उडालं की पोरं घाबरून रिक्षा शोधायला धावत आणि तेवढ्यात डोळा जळून जाई. सरांनी गेटवरच्या पहारेकऱ्यांपासून कँटीनच्या पोऱ्यांपर्यंत सगळ्यांना एकच वाक्य पाठ करायला लावलं, "आधी पाणी, मग रिक्षा." एकदा एका कंत्राटी कामगाराला त्याचे मित्र घेऊन आले, तो नखशिखांत भिजलेला. त्यांनी त्याला नळाखाली इतका वेळ धरून ठेवलं होतं की तो कुडकुडत होता आणि त्यांनाच शिव्या घालत होता. सरांनी डोळा तपासला आणि त्या मित्रांना कडक सॅल्यूट ठोकला. डोळा शाबूत होता.

याच रोह्याच्या दिवसाशी माझी स्वतःची एक आठवण जोडलेली आहे. माझे यजमान पडून कंबर मोडून बसले होते, बरेच महिने अंथरुणावर होते. त्यांना सगळ्यात जास्त त्रास कशाचा, तर वाढलेल्या दाढीचा. माझ्या हातून दाढी करून घ्यायला ते तयार नसत. सरांच्या कानावर हे गेलं. पुढच्या फेरीला ते घरी आले, साबण आणि ब्रश मागितला आणि स्वतः त्यांची दाढी करून दिली. "फौजेत सगळ्यांना सगळं यावं लागतं," म्हणाले. यजमान हिंडूफिरू लागेपर्यंत दर आठवड्याला ते येत राहिले. मी त्या दिवसांत स्वयंपाकघरात उभी राहून रडले आहे, आणि ते इथे लिहायला मला संकोच वाटत नाही.

आता पुन्हा त्या शब्दाकडे येते. सरांनी गावोगाव सभा घेतल्या, चित्रं दाखवली, शाळांतल्या मुलांकडून घोषणा म्हणवून घेतल्या. "डोळा म्हणजे भाताचं शेत नव्हे" असे फलक लावले. लोक ऐकून घेत, माना डोलावत आणि जाताना हळूच विचारत, "पन डाक्तर, आमचा पिकला का?" पावसाळ्यात तर आमच्या रुग्णालयात शुकशुकाट. आम्ही बसून गॉजच्या घड्या घालायचो. शेवटी सरांनी एक युक्ती काढली. त्यांच्या स्वतःच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होऊ लागला होता. तो त्यांनी भर पावसाळ्यात, आमच्याच रुग्णालयात, आपल्या हाताखाली तयार झालेल्या डॉ. मुग्धा यांच्याकडून काढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी हिरवी पट्टी लावून व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. जाणाऱ्या-येणाऱ्याने बघावं म्हणून. आम्हाला वाटलं, आता जिंकलं. लोक आले, कौतुक केलं, आणि बाहेर पडताना एकमेकांना म्हणाले, "त्यांची गोष्ट येगली. ते मिल्ट्रीवाले." मी संतापाने लाल झाले. सर मात्र पट्टीखालून हसत होते.

ही कोंडी फुटली ती हमरापूरच्या चांगुणाताईंमुळे.

हमरापूर-जोह्याला गणपतीचे कारखाने आहेत, हे आपल्याला सांगायला नको. माती मळणारे, साचे भरणारे, रंग मारणारे हात पुष्कळ असतात, पण आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं, हे एखाद्याच हाताला जमतं. चांगुणाताईंचा हात त्यातला. त्यांनी आखलेली मूर्ती लोक लांबून ओळखत. त्यांचा डावा डोळा लहानपणीच भात झोडताना तूस जाऊन गेलेला होता. सगळं आयुष्य त्यांनी उजव्या एका डोळ्यावर काढलं, आणि त्या डोळ्यात मोती चढू लागला. जोह्याच्या शिबिराला त्या दरवर्षी यायच्या. सर सांगायचे, "चांगुणाताई, आता काढू या." त्या म्हणायच्या, "गनपती झाले का येतंय." गणपती झाले की भात कापायला आलेलं असायचं. भात घरात आलं की नव्या हंगामाची माती यायची. "आनि तसा कच्चाच हाय की आजून," हे त्यांचं शेवटचं वाक्य ठरलेलं. पुढे पुढे त्या मूर्तीच्या तोंडाला तोंड लावून आखायच्या, नाकाच्या शेंड्याला रंग लागायचा, पण हात चुकायचा नाही, असं त्यांचा मुलगा सुरेश अभिमानाने सांगायचा.

मग एका श्रावणात, ऐन पावसात, सकाळच्या वेळी सुरेश त्यांना घेऊन आला. ज्या टेम्पोतून मूर्ती जातात त्याच टेम्पोत, पेंढ्यावर, ताडपत्रीखाली त्यांना निजवलेलं होतं. डोकं दोन्ही हातांनी दाबून धरलेलं, एकसारख्या उलट्या. घरच्यांना वाटलं पित्त आहे, म्हणून आदल्या दिवसापासून कोकमाचं सरबत पाजत बसले होते. डोळा लालभडक आणि दगडासारखा टणक झालेला. मोती पिकून आत फुटला होता. मुग्धाताईंनी दाब मोजला आणि सरांकडे बघितलं.

सरांनी विजेरी घेतली. खोली काळोखी केली. एका बाजूने उजेड टाकून विचारलं, "चांगुणाताई, उजेड कुठून येतोय?"

"या हाताकडून."

"आता?"

"वरून."

"आणि आता?"

त्या गप्प राहिल्या. सर थांबले. सुरेश भिंतीला टेकून उभा होता, त्याचे ओठ कोरडे पडले होते. शेवटी त्या म्हणाल्या, "हकडून... बारीक हाय, पन हाय."

"आहे," सर म्हणाले. एवढंच. पण तो शब्द त्यांनी असा उच्चारला की मला हायसं वाटलं.

सुरेशने विचारलं, "मुंबईला नेऊ का?" सरांनी त्याला समोर बसवलं आणि सरळ सांगितलं, "नेता येईल, मी फोन करतो, गाडी देतो. पण आधी डोळ्यातला दाब उतरवायला हवा, ते आत्ता इथेच करू. उतरला की उद्या ऑपरेशन. कुठे करायचं ते तुम्ही ठरवा. डोळा एकच आहे, आणि नक्की दिसेल असं वचन मी देणार नाही. थांबलात तर नक्की दिसणार नाही, एवढं वचन देतो." सुरेश आईकडे बघायला लागला. तेवढ्या वेदनेतही चांगुणाताईंनी विचारलं, "पन डाक्तर, पावसान डोला कापीत नाय ना?"

"माझा पावसातच कापला," सर म्हणाले. "सिस्टरना विचारा."

"तुमी मिल्ट्रीवाले."

माझा तोल गेला. मी म्हटलं, "अहो बाई, मिल्ट्रीवाल्यांचे डोळे काय लोखंडाचे असतात? तेही तुमच्याआमच्यासारखे पाण्याचेच. मी स्वतः पट्टी बांधली आहे त्यांना!" चांगुणाताई कण्हता कण्हता क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "ही सिस्टर लय वरडते. मंग कापा. पन लवकर, आखनी राह्यलीय." सुरेशने मान हलवली.

दिवसभर सलाईन आणि औषधं देऊन आम्ही दाब उतरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना टेबलावर घेतलं. बाहेर पाऊस पत्र्यावर इतका कोसळत होता की मोठ्याने बोलावं लागत होतं. सरांची एक पद्धत आहे, हत्यार हातात घेण्याआधी ते पेशंटला हजेरी घेतल्यासारखे तीन प्रश्न विचारतात. नाव काय, गाव कोणतं, कोणता डोळा. आजवर त्यांनी ती कधी सोडली नाही. त्या दिवशीही विचारलं, "नाव?"

कापडाखालून आवाज आला, "चांगुना."

"गाव?"

"हमरापूर."

"कोणता डोळा?"

"एकच हाय डाक्तर. कनचा म्हनून काय इचारता?"

सरांचे हात जागच्या जागी थांबले. मग ते अगदी हळू, मुलाने आईशी बोलावं तसं म्हणाले, "तोच, चांगुणाताई. तोच करतोय." आणि त्यांनी सुरुवात केली.

मी शेकडो शस्त्रक्रियांना उभी राहिले आहे, अशी पाहिली नाही. आतली पिशवी पिकून इतकी विरलेली होती की जरा धक्का लागला असता तर सगळा खेळ खलास. दुधासारखं पाणी बाहेर आलं, समोरचं काही दिसेना. सरांनी घाई केली नाही. ते धुवत राहिले, थांबत राहिले, पुन्हा धुवत राहिले. वयाची सत्तरी उलटलेला माणूस, पण हात कुठे म्हणून कापला नाही. भिंग जागेवर बसलं तेव्हा मुग्धाताईंनी सुटकेचा श्वास सोडला तो मला मास्कमधूनही ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढायच्या वेळी वॉर्डमध्ये आम्ही सगळेच जमलो होतो, अगदी झाडूवाल्या मावशीसुद्धा. सरांनी पट्टी सोडली, डोळा पुसला आणि म्हणाले, "हळूच उघडा." चांगुणाताईंनी डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. सरांच्या तोंडाकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. किती वर्षांत त्यांना ते तोंड धड दिसलंच नव्हतं. मग माझ्याकडे वळून, सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "गो सिस्टर, डाक्तर तं पुरं पिकलं की!"

वॉर्ड हसून कोसळला. सुरेश हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, माझंही तेच. सरांनी आपल्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "चांगुणाताई, हा शब्द आज पहिल्यांदा मला गोड लागला."

पुढचं आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. चांगुणाताई मिल्ट्रीवाल्या नव्हत्या, त्यामुळे लोकांना सबब उरली नाही. हमरापूरहून बातमी जोह्याला गेली, तिथून मूर्तींच्या टेम्पोंबरोबर खाडीकाठी आणि रोह्यापर्यंत पोचली. त्याच श्रावणात आमच्या व्हरांड्यात ओल्या छत्र्यांची रांग लागली. गॉजच्या घड्या घालायला आम्हाला फुरसत राहिली नाही. धरमतरकडची एक म्हातारी तर दारातूनच ओरडत आली, "डाक्तर, कच्चा हाय तवाच काडा! चांगुनासारखं टेम्पोन बोंबलत नाय यायचं मना." सरांनी मला बाजूला बोलावून विचारलं, "ऐकलंत सिस्टर, काय म्हणाली?" मी म्हटलं, "ऐकलं." त्यांनी ते वाक्य तिच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. इतका आनंद मी त्यांना पदक मिळाल्यावरही झालेला पाहिला नाही.

गणपती तोंडावर आले होते. चांगुणाताई तपासणीला आल्या नाहीत, म्हणून सर आणि मी हमरापूरला गेलो. बघतो तर काय, बाई कारखान्यात मूर्तीपुढे बसलेल्या, हातात ब्रश. सरांनी दारातूनच फौजी आवाज लावला, "चांगुणाताई! धूळ, रंग आणि वाकणं, तिन्ही बंद सांगितलं होतं!"

त्या जागच्या हलल्या नाहीत. "धूल नाय, तुमचा चष्मा घातलाय. आनि मी कुटं वाकतंय? आता वाकाया लागत नाय."

खरंच त्या ताठ बसल्या होत्या. मूर्तीचं तोंड त्यांच्यापासून चांगलं हातभर लांब होतं. सुरेश आमच्याजवळ येऊन रडकुंडीला आल्यासारखा म्हणाला, "साहेब, तुमीच समजवा. आधीच्या सगल्या मूर्ती परत आखायला काडल्यान. म्हनते, मी आंधली असताना केलेलं गिऱ्हाइकाला देऊ नको." सरांनी त्या मूर्ती पाहिल्या, मग चांगुणाताईंचा डोळा तपासला. डोळा स्वच्छ होता. "रोज थोडाच वेळ," ते कसेबसे रागावून म्हणाले.

चांगुणाताईंचा एक नियम सगळ्या हमरापूरला माहीत आहे. आखणीचा शेवटचा हात फिरवताना त्या मूर्तीसमोर कुणाला उभं राहू देत नाहीत. देवाची पहिली नजर ज्याच्या घरी मूर्ती जायची त्याच्यावर पडली पाहिजे, मधल्या कुणावर नाही, असं त्या मानतात. त्यांनी ब्रश बुडवला तशी कारखान्यातली माणसं आपोआप बाजूला झाली. मीही सरांचा हात धरून बाजूला व्हायला लागले. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "डाक्तर, तुमी म्होरं बसा."

सुरेश चमकला. "आई, म्होरं?"

"म्होरं बसा म्हनतंय ना!"

सर गेले आणि मूर्तीसमोर पाटावर बसले, पाठ सरळ, हात गुडघ्यांवर. चांगुणाताईंनी मूर्तीच्या बाजूने हात नेऊन एका डोळ्यात काळा ठिपका ठेवला, मग दुसऱ्यात. ब्रश उचलून त्या मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "बघितलान. देवान पयलं तुमालाच बघितलान." सर तिथेच बसून राहिले आणि मूर्ती त्यांच्याकडे बघत राहिली.

सर, आज तुमच्या पंचाहत्तरीच्या निमित्ताने आम्ही सगळे तुमचं भलं चिंततो आहोत. तुमचे हात असेच स्थिर राहोत, वहिनींना आणि तुम्हाला उत्तम आरोग्य लाभो, शंभरीचा सोहळाही याच व्हरांड्यात, भर पावसात होवो. माझं मागणं एवढ्यावर थांबत नाही, पण काळजीही वाटत नाही. ज्याने डोळे उघडल्या उघडल्या आधी तुम्हालाच पाहिलं, त्याला आता तुमच्यावरून नजर हटवता येणार नाही.